बोरघाटातील मालवाहतूक

बोरघाटातील मालवाहतूक : महाराष्ट्रात कोकणपट्टी व दख्खनचे पठार यांच्या दरम्यान, सह्याद्री ओलांडून होणाऱ्या मालवाहतुकीचा एक प्रमुख मार्ग व त्याच्या आखणीचा इतिहास. बोरघाट रायगड जिल्ह्यातील खोपोली आणि पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यातील खंडाळा–लोणावळे यांच्या दरम्यान आहे. मुंबई बंदर, जवाहरलाल नेहरू बंदर (न्हावा शेवा) आणि पुणे–चाकण–तळेगाव हा औद्योगिक प्रदेश यांना जोडणारा रस्ता, लोहमार्ग व खनिज तेलाच्या उत्पादनांचा नळमार्ग हे तिन्ही या डोंगररांगेच्या याच भागातून जातात. एखादा माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कमीत कमी खर्चात, वेळेत आणि निसर्गाची कमीत कमी हानी करून कसा न्यावा, हा वाहतूकशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. बोरघाटात तो दोन हजार वर्षे निरनिराळ्या साधनांनी सोडविला गेला असल्याने या विषयाच्या अभ्यासास हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

भूस्वरूप : मावळ तालुका हा सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेस उतरत जाणारा प्रदेश असून इंद्रायणी नदीचे खोरे त्याच्या मध्यातून जाते. लोणावळे, कार्ले, कामशेत, वडगाव व तळेगाव ही ठिकाणे याच खोऱ्यात आहेत. लोणावळे समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर आहे. तेथून पूर्वेकडे पुण्यापर्यंत उतार इतका मंद आहे, की वाहनांस तो फारसा जाणवत नाही. पश्चिमेकडे मात्र डोंगराचा कडा एकदम तुटलेला असून अवघ्या काही किमी. अंतरात सु. ५५० मी. उंची उतरून खोपोली गाठावी लागते. म्हणजे मुंबई–पुणे मार्गातील जवळजवळ सर्व चढण एकाच ठिकाणी एकवटलेली आहे. या भागातील खडक काळ्या बेसाल्टचा असून त्यात कठीण व ठिसूळ थर आलटून पालटून आढळतात. घाटमाथ्यावर वर्षाला सु. ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे दरडी कोसळणे ही येथील कायमची अडचण आहे.

चढणीचा हिशोब : मार्गाची लांबी आणि मार्गाचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बोरघाटात स्पष्टपणे दिसते. सपाटीवर एक टन भार रुळांवरून ओढण्यास दोन ते तीन किग्रॅ. इतके बल पुरते. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर रबरी चाकांच्या वाहनास सात ते आठ किग्रॅ. बल लागते. चढणीवर यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते. घाटातील लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ मी.ला १ मी. असा आहे. अशा चढावर प्रत्येक टनामागे २७ किग्रॅ. जादा बल लावावे लागते. म्हणजेच सपाटीवर गाडी ओढण्यास लागणाऱ्या बलाच्या सु. अकरा पट बल येथे लागते.

एक टन वजन ५५८ मी. उंच नेण्यासाठी किमान दीड एकक (किलोवॉट-तास) ऊर्जा खर्च होते. हवेचा विरोध सोडून दिल्यास, एवढ्या ऊर्जेत तोच भार सपाटीवर रेल्वेने दोनशे किमी.हून अधिक आणि मालमोटारीने सु. ७० ते ८० किमी. नेता येतो. रेल्वेच्या दृष्टीने पाहता कर्जत व लोणावळे यांमधील घाट हा नकाशावर दिसतो त्याच्या कितीतरी पट ‘लांब’ आहे. एखाद्या मार्गातील चढ व वळणे यांचे रूपांतर तितकाच खर्च येईल अशा सपाट अंतरात करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील रेल्वे अभियंत्यांनी मांडली. अशा अंतरास आभासी लांबी म्हणतात. लगतचा सरळ मार्ग सोडून दूरचा सौम्य मार्ग कधी निवडावा, हे आभासी लांब्यांच्या तुलनेने ठरविता येते.

हा खर्च दोन्ही दिशांना सारखा नसतो. चढताना खर्च झालेली ऊर्जा उतरताना परत मिळू शकते. परंतु सामान्य गतिरोधकांत (ब्रेकमध्ये) तिची उष्णता होऊन ती वाया जाते आणि गतिरोधक झिजतात ते वेगळेच. म्हणून घाटातील मार्ग हा गणिताच्या दृष्टीने एक मार्ग नसून चढणीचा व उतरणीचा असे दोन मार्ग आहेत. त्यांचे दर, वेळ व धोके वेगवेगळे मांडावे लागतात.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : सोपारा, कल्याण व चौल या बंदरांतून पैठण (प्रतिष्ठान) व तेर (तगर) या पठारावरील बाजारपेठांकडे जाणारे मार्ग नाणेघाट व बोरघाट यांतून जात. बोरघाटाच्या मार्गालगत कोंडाणे, भाजे, बेडसे व ⇨ कार्ले येथील बौद्ध लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत वैजयंती येथील श्रेष्ठी भूतपाल, सोपाऱ्याचा दाता, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सुतार आणि यवन अशा अनेकांची दाने नोंदलेली आहेत. मावळाचे प्राचीन नाव मामल किंवा मामलाहार हेही याच लेखांतून ज्ञात होते. पाण्याची टाकी व निवारा असलेली ही लेणी व्यापारी मार्गाच्या कडेला असणे हा योगायोग नव्हे. मार्गावरील पाणी, विसावा व सुरक्षितता यांचाही मार्गाच्या निवडीत वाटा असतो.

इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात याचे एक बोधप्रद उदाहरण आढळते. कल्याण बंदरातील व्यापारावर राजकीय निर्बंध आल्याने तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाण्याची शक्यता होती, असे त्यात म्हटले आहे. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून दूरच्या भडोचला जात असल्याचाही त्यात उल्लेख आहे. सह्याद्रीखालील जवळचे बंदर असताना दूरचा मार्ग पत्करला गेला, कारण जवळच्या मार्गावरील अनिश्चितता हाही एक खर्चच होता.

मध्ययुगात लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग व तिकोना या किल्ल्यांनी घाटवाटांवर नजर ठेवली. १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान याने कोकणात उतरण्यासाठी लोणावळ्याजवळची कुरवंडे घाटाची वाट निवडली. खाली उंबरखिंडीच्या दाट अरण्यात शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्यास कोंडीत पकडले व शरण येण्यास भाग पाडले. १७७८–७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलहून बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. तिच्याबरोबर सामानाचे सु. १९,००० बैल होते. तोफा व बाडबिस्तरा घाटातून वर आणण्यात फौजेचा फार वेळ गेला. तळेगावपर्यंत पोहोचल्यावर तिला माघार घ्यावी लागली व जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तह करावा लागला. लढाऊ सैन्यापेक्षा त्याच्या पुरवठ्याची साखळी घाटात अधिक दुबळी ठरली.

या काळात व्यापारी माल मुख्यतः लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून जाई. कोकणातून मीठ, तांदूळ व नारळ वर येत आणि पठारावरून धान्य, गूळ व कापूस खाली जाई. दोन्ही बाजूंना भरलेला बैल चालणे, म्हणजेच परतीचा भार मिळणे, हे तांड्याच्या अर्थकारणाचे मर्म होते. घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधविलेला मोठा तलाव व महादेवाचे मंदिर आहे. चढणीपूर्वी जनावरांस पाणी व विसावा मिळण्याच्या दृष्टीने या तलावाचे महत्त्व होते.

गाडीरस्ता : इंग्रजी अंमलाच्या आरंभी जनरल वेलस्ली याने घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंत तोफांच्या गाड्यांसाठी रस्ता तयार करविला (१८०४). प्रत्यक्ष घाटातील वाट मात्र पुढेही बरीच वर्षे चाकांच्या वाहनांस कठीणच होती. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत नवा गाडीरस्ता बांधण्यात आला व तो १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. याच रस्त्यावरील दगडी पूल पुढे ‘अमृतांजन पूल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे खांब द्रुतगती मार्गावरील वाहतुकीस अडथळा ठरू लागल्याने एप्रिल २०२० मध्ये तो पाडण्यात आला.

गाडीरस्त्याने वाट काहीशी लांबली, परंतु चढ सौम्य झाला. बैलाच्या पाठीवर सुमारे एक क्विंटल ओझे लादता येते. तोच बैल जोडीने गाडीस जुंपला असता त्याच्या वाट्याला येणारा माल कित्येक पटींनी वाढतो. शिवाय तांड्यात रोज संध्याकाळी ओझी उतरवून सकाळी पुन्हा लादावी लागत, तो व्याप गाडीने वाचला. अंतर वाढूनही दर उतरण्याचे हे या घाटातील पहिले मोठे उदाहरण होय.

लोहमार्ग : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. सह्याद्री कोठे ओलांडावा हा त्यानंतरचा मुख्य प्रश्न होता. उत्तर व दक्षिण या दोन्ही दिशांना उपयोगी पडेल अशा एकाच माळशेज घाटाचा प्रारंभी विचार झाला होता. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याने पाहणीनंतर तो बाजूस सारून थळघाट व बोरघाट असे दोन स्वतंत्र मार्ग सुचविले. एका घाटाऐवजी दोन घाट बांधण्याचा भांडवली खर्च मोठा असला, तरी प्रत्येक गाडीस पुढे कायमचा पडणारा फेरा त्यामुळे वाचणार होता. भांडवली खर्च एकदाच होतो व चालविण्याचा खर्च रोज होतो. या दोहोंचा मेळ घालणे हेच मार्गनिवडीचे सूत्र असते.

बोरघाटातील काम १८५६ मध्ये सुरू झाले. पायथ्याशी पळसदरीजवळ सु. ६० मी. उंचीपासून लोणावळ्याजवळ सु. ६१८ मी.पर्यंत, म्हणजे ५५८ मी. चढण्यासाठी मार्गाची लांबी सु. २५.५ किमी. ठेवण्यात आली. सरळ अंतर याहून पुष्कळच कमी आहे. ही लांबी मुद्दाम ‘विकत घेतलेली’ होती, कारण तीमुळे सरासरी चढ ४६ मी.ला १ मी. इतका राखता आला. मार्गात २५ बोगदे व ८ मोठे दरीपूल होते. अरुंद सोंडेवर वळणास जागा नसल्याने एका ठिकाणी उलट दिशेचे स्थानक करण्यात आले. तेथे गाडी थांबे, एंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई व उलट्या दिशेने पुढची चढण सुरू होई.

या बांधकामाची मानवी किंमत फार मोठी होती. एकेकाळी ४२,०००पर्यंत मजूर कामावर होते. मजुरी थकल्याने जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उठाव झाला आणि कंत्राटदार विल्यम फेव्हील याने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने अभियंत्यांच्या साहाय्याने कंत्राट पूर्ण केले. पटकीच्या साथींत असंख्य मजूर दगावले. मार्गाच्या खर्चाच्या हिशोबात या मृत्यूंचा रकाना नव्हता. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर याच्या हस्ते घाटमार्गाचे उद्‌घाटन झाले. त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) हिंदुस्थानी कापसास मोठी मागणी होती. बैलांच्या पाठीवर धूळ, पाऊस व नासाडी सोसत जाणारा पठारावरील कापूस त्यामुळे थेट मुंबई बंदरात पोहोचू लागला. १८६७ मध्ये घाटातील एक दरीपूल पावसाळ्यात कोसळला व पुन्हा बांधावा लागला. घाटमार्गाचा देखभाल-खर्च किती असतो, याची ती आरंभीची जाणीव होती.

भार-बदलाचा खर्च : घाटमार्ग पुरा होण्यापूर्वीची पाच वर्षे विशेष उद्‌बोधक आहेत. मे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आणि १४ जून १८५८ रोजी खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे सुरू झाली. मधली चढण तेवढी राहिली होती. त्यामुळे खालच्या गाडीतील माल उतरवून तो बैलगाड्यांतून घाटावर चढवावा लागे व खंडाळ्यास पुन्हा वाघिणींत भरावा लागे. प्रवासी पालखी, तट्टू किंवा गाडीने जात. अंतर थोडे असले, तरी हमाली, खोळंबा, नासाडी व चोरी यांचा बोजा या तुकड्यावर पडे. एका साधनातून दुसऱ्या साधनात माल हलविण्याच्या या खर्चास भार-बदलाचा खर्च म्हणता येईल.

हा खर्च अंतरावर अवलंबून नसतो. माल शंभर किमी. जावो अथवा हजार, उतरविणे व भरणे तेवढेच असते. म्हणून लांबच्या वाहतुकीत तो फारसा जाणवत नाही व जवळच्या वाहतुकीत तोच निर्णायक ठरतो. न्हावा शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तेथून चाकण–तळेगावचे अंतर दीडशे किमी.हून कमी आहे. बंदरात उतरलेली माल-पेटी (कंटेनर) मालमोटारीवर ठेवली, की ती थेट कारखान्याच्या दारात जाते. रेल्वेने पाठविल्यास ती बंदरात वाघिणीवर चढविणे, पुण्याजवळ उतरविणे व पुन्हा मोटारीवर चढविणे असे जादा सोपस्कार होतात. म्हणूनच या टप्प्यावर रस्ता रेल्वेस भारी पडतो. याउलट चिंचवड परिसरातून उत्तर व पूर्व भारताकडे जाणाऱ्या मोटारगाड्या रेल्वेने नेणे परवडते, कारण तेथे हजार किमी.हून अधिक अंतरात भार-बदलाचा खर्च विरून जातो.

विद्युतीकरण : बोरघाटात वाफेच्या एंजिनांची शक्ती अपुरी पडे आणि बोगद्यांत धुराचा त्रास होई. कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण नोव्हेंबर १९२९ मध्ये पूर्ण झाले. त्याच सुमारास नवी आखणी करून उलट दिशेचे स्थानक रद्द करण्यात आले. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांस मागून रेटा देणारी जादा एंजिने जोडण्याची पद्धत तीव्र चढामुळे कायम राहिली. उतरताना गाडी निसटल्यास ती अडविण्यासाठी चढत जाणारे आडमार्ग ठेवलेले आहेत. आधुनिक विद्युत् एंजिनांत उतरताना चालित्रे (मोटरी) जनित्रांप्रमाणे काम करतात व निर्माण होणारी वीज तारेत परत जाते. त्याच वेळी दुसरी गाडी चढत असेल, तर उतरणारी गाडी तिच्या चढणीस हातभार लावते. वेळापत्रकाची अशी सांगड घालणे हेही इष्टतमीकरणच होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झालेल्या पनवेल–कर्जत जोडमार्गाने पनवेल बाजूच्या गाड्यांस कल्याणचा वळसा न घालता घाटाच्या पायथ्याशी येणे शक्य झाले.

हाच कडा ऊर्जेचा स्रोतही आहे. लोणावळे, वळवण व शिरवटा येथील जलाशयांचे पाणी नळांतून खाली सोडून खोपोली येथे १९१५ पासून वीज तयार केली जाते. एक टन माल घाटावर नेण्यास दीड एकक ऊर्जा लागते. एक टन पाणी घाटाखाली पडताना जवळपास तेवढीच ऊर्जा त्यात असते.

द्रुतगती मार्ग व नळमार्ग : जुना मुंबई–पुणे रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्र. ४ (आताचा ४८) म्हणून ओळखला जाई. वाढत्या वाहतुकीमुळे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने कळंबोली ते किवळे असा ९४.५ किमी. लांबीचा सहापदरी द्रुतगती मार्ग बांधला. त्याचे काही भाग २००० मध्ये व संपूर्ण मार्ग २००२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. भाताण, माडप, आडोशी, खंडाळा व कामशेत येथील बोगद्यांनी सपाटीवरील व डोंगरातील अंतर कमी झाले. तरी खोपोली–लोणावळे हा घाटाचा टप्पा अरुंद राहिला. भरलेल्या मालमोटारी चढणीवर अतिशय मंद चालतात. त्यांच्या मागे हलकी वाहने अडकतात आणि एखादे वाहन बंद पडल्यास सारा मार्ग खोळंबतो. या त्रुटीवर उपाय म्हणून खोपोली ते कुसगाव असा १३.३ किमी.चा जोडमार्ग आखण्यात आला व २०१९ मध्ये त्याचे काम हाती घेण्यात आले. त्यात सु. ८.९ किमी. व सु. १.७५ किमी. लांबीचे दोन बोगदे आणि दरीवरील दोन उंच पूल यांचा अंतर्भाव असून अंतर सु. ६ किमी.ने कमी करण्याची योजना आहे. रेल्वेने १८६३ मध्ये चढ सौम्य करण्यासाठी लांबी वाढविली. बोगदे खोदण्याचे तंत्र प्रगत झाल्यावर सौम्य चढ व कमी लांबी ही दोन्ही एकाच आखणीत साधण्याचा प्रयत्न शक्य झाला.

एकाच जातीच्या द्रव मालाचा सतत पुरवठा करावयाचा असल्यास नळमार्ग सर्वांत किफायतशीर ठरतो. त्यात वाहनाचे मृत वजन न्यावे लागत नाही व रिकामे परत आणावे लागत नाही. मुंबईच्या तेलशुद्धीकरण केंद्रातून पुण्याजवळील लोणी येथे पेट्रोल-डीझेल नेणारा नळमार्ग विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सुरू झाला व पुढे सोलापूरपर्यंत वाढविण्यात आला. त्यामुळे ज्वालाग्राही मालाच्या असंख्य टाकी-मोटारींच्या घाटातील फेऱ्या वाचल्या.

इष्टतमीकरणाची पद्धती : मार्गांची निवड पूर्वी अनुभवाने होई. विसाव्या शतकात तिला गणिती रूप मिळाले. रशियन गणितज्ञ कांटोरोव्हिच (१९३९) व अमेरिकन गणितज्ञ हिचकॉक (१९४१) यांनी, अनेक कोठारांतून अनेक बाजारांना माल कमीत कमी खर्चात कसा वाटावा, या प्रश्नाची मांडणी केली. १९४७ मध्ये डँट्झिग याने असे प्रश्न सोडविण्याची सर्वसाधारण रीत शोधली. १९५९ मध्ये डाइक्स्ट्रा याची जाळ्यातील लघुतम मार्ग काढण्याची रीत प्रसिद्ध झाली. मालमोटारींच्या ताफ्याने कोणकोणत्या गिऱ्हाइकांकडे कोणत्या क्रमाने जावे, याविषयीचा डँट्झिग व रॅम्झर यांचा निबंधही त्याच वर्षीचा आहे.

या पद्धतींत स्थळे हे बिंदू व त्यांना जोडणारे रस्ते या रेषा मानतात आणि प्रत्येक रेषेस खर्चाचा आकडा देतात. आकडा केवळ किमी.चा असेल, तर उत्तर फसवे येते. बोरघाटाच्या रेषेस इंधन, पथकर, चालकाचा वेळ, गतिरोधक व टायर यांची झीज, अपघात व दरडींमुळे होणारा संभाव्य खोळंबा आणि परतीच्या रिकाम्या फेरीची शक्यता हे सर्व मिळून आकडा द्यावा लागतो. तो दिशेनुसार, भारानुसार, ऋतूनुसार व दिवसाच्या वेळेनुसार बदलतो. पहाटे परवडणारा घाट सुट्टीच्या सकाळी परवडत नाही. कारखान्यांनी सुटे भाग नेमक्या वेळी मागविण्याची पद्धत स्वीकारल्यावर विलंबाची किंमत आणखी वाढली. घाट बंद पडण्याच्या भीतीने कारखानदार जास्त साठा बाळगतो. त्या साठ्यात गुंतलेले भांडवल हाही घाटाचाच खर्च होय.

पर्यावरणाचा हिशोब : अलीकडे खर्चाबरोबरच हवेत जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडचाही हिशोब केला जातो. एक लिटर डीझेल जळाल्यास सु. २.७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. एकूण ४० टन वजनाची मालमोटार केवळ उंची गाठण्यासाठी सु. १५ लिटर डीझेल जाळते, म्हणजे घाटाच्या एका चढणीत सु. ४० किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. सपाटीवर विद्युत् रेल्वेचा टनामागील वाटा मालमोटारीच्या निम्म्याहूनही कमी असतो. प्रत्यक्ष चढणीवर मात्र गुरुत्वाकर्षण दोघांकडूनही सारखेच काम करवून घेते. भारतातील वीज अद्याप मुख्यतः कोळशापासून होते व एका एककामागे सु. ०.७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड पडतो. त्यामुळे केवळ चढणीपुरता रेल्वेचा लाभ फारसा उरत नाही. तो तीन गोष्टींवर अवलंबून राहतो : उतरणीवर वीज परत मिळविणे, विजेचा स्रोत अधिक स्वच्छ होणे आणि वाघिणी दोन्ही दिशांना भरून जाणे. कोणतेही साधन स्वभावतः स्वच्छ नसते, ते कसे चालविले जाते यावर ते ठरते.

काही हानी अशा आकड्यांत बसत नाही. पश्चिम घाटातील निवडक वनक्षेत्रांचा युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश केला. मावळातील कडे व जंगले त्या यादीत नसली, तरी त्याच पर्वतरांगेची आहेत. प्रत्येक नवा रस्ता डोंगर कापतो, पाण्याचे प्रवाह वळवितो आणि वन्य प्राण्यांच्या वाटा तोडतो. कापलेला उतार पावसात सैल होतो. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून जीवितहानी झाली. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलजवळ लोहमार्गाची हानी होऊन तो दुरुस्तीसाठी दीर्घकाळ अंशतः बंद ठेवावा लागला. बोगद्याने वरचा डोंगर वाचतो, परंतु खोदलेला दगड कोठे टाकावा हा प्रश्न राहतो. शिवाय मार्ग सुधारला की वाहतूक वाढते व काही वर्षांत पूर्वीचीच कोंडी वरच्या पातळीवर येऊन ठेपते.

मूल्यमापन : तांड्याचा बैल, गाडीरस्ता, वाफेचे एंजिन, वीज, द्रुतगती मार्ग व नळमार्ग या प्रत्येकाने बोरघाटातील वाहतुकीचा दर उतरविला. डोंगराची उंची मात्र कोणासही कमी करता आली नाही. प्रत्येक टप्प्यावर खर्चाचा काही भाग खरोखर वाचला व काही भाग केवळ दुसऱ्याकडे सरकला. कधी तो घाटात राबणाऱ्या मजुरांवर पडला, कधी कोंडीत अडकलेल्या चालकांवर, तर कधी डोंगरावर व हवेवर. खर्चाच्या यादीत कोणाचे नुकसान धरले आणि कोणाचे वगळले, यावर इष्टतम म्हणून येणारे उत्तर अवलंबून असते. त्यामुळे बोरघाटासारख्या ठिकाणी एकच सर्वोत्तम मार्ग संभवत नाही. द्रव इंधनासाठी नळमार्ग, लांबच्या व जड मालासाठी रेल्वे आणि जवळच्या व तातडीच्या मालासाठी रस्ता अशी वाटणी करणे, तसेच परतीचा भार जुळविणे व अनावश्यक फेऱ्या टाळणे हेच मार्ग अधिक लाभदायक ठरतात. जो माल घाट चढविण्याची गरजच पडत नाही, त्याची वाहतूक सर्वांत स्वस्त व सर्वांत स्वच्छ असते.